ट्राउटसाठी फ्लायची साइज कशी ठरवायची: आधी किडा मोजा, मग डबी उघडा

तुम्ही विचारलंय की डबीत १० पासून २२ पर्यंतच्या फ्लाय (हुकवर पिसं-दोरा बांधून केलेल्या किड्याच्या नकला) आहेत, संध्याकाळी संथ पाण्यात ट्राउट वर येऊन काहीतरी टिपताना दिसतात, तुमच्या १४ नंबरच्या ड्राय फ्लायपर्यंत, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लायपर्यंत, येतातही, अगदी नाक लावल्यासारखं करतात आणि शेवटच्या क्षणी मागे फिरतात. मग आता पॅटर्न, म्हणजे फ्लायचा नमुना, बदलायचा, रंग बदलायचा का साइज, आणि साइज बदलायची तर किती.

सरळ उत्तर आधी देतो. रंग तोच ठेवा, पॅटर्न तोच ठेवा, आणि १६ लावा. तरी फिरला तर १८. संथ पाण्यात, मासा फ्लायजवळ येऊन परत जात असेल तर बहुतेक वेळा एवढ्यावर काम होतं. पण हे असं का होतं ते नीट समजून घेतलंत तर पुढच्या वेळी विचारावं लागणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय, वेळ काढून वाचा.

पहिली गोष्ट, नंबरवर फार विश्वास ठेवू नका. हुकचा नंबर उलटा चालतो हे तुम्हाला माहीतच असेल, आकडा मोठा तर हुक बारीक, आणि १ च्या पुढे गेलं की १/०, २/० असं परत मोठं होत जातं. ट्राउटच्या फ्लाय बहुतेक सम आकड्यांत येतात, १२, १४, १६, काही हुक १५, १७ असेही मिळतात. पण एका कंपनीचा १४ आणि दुसऱ्या कंपनीचा १४ शेजारी ठेवून बघा एकदा, बऱ्याचदा अर्ध्या नंबरचा तरी फरक दिसतो, कारण सगळ्यांनी पाळावं असं एकच पक्कं माप कुठेच नाही. नंबर मुळात बोलतो तो गेपबद्दल, म्हणजे हुकचं टोक आणि दांडी यांच्यामधल्या अंतराबद्दल. दांडी किती लांब ते वेगळं. लांब दांडीच्या १४ वर बांधलेली निम्फ (पाण्याखालच्या, पंख न फुटलेल्या किड्याची नक्कल) साध्या १२ च्या ड्राय फ्लायएवढी भरते, आणि वाकड्या दांडीच्या हुकवर बांधणारा जर अंग वळणाच्या आत नेऊन थांबला तर तोच नंबर एकदम लांबुडका दिसतो. माशाला नंबर दिसत नाही, त्याला दिसतं ते अंग. म्हणून मी साइज म्हणतो तेव्हा मला डोक्यापासून बुडापर्यंत अंग किती मिलिमीटर आहे एवढंच म्हणायचं असतं, शेपटीचे केस सोडून.

अंदाज म्हणून सांगतो, साध्या ड्राय फ्लायच्या हुकवर १२ म्हणजे साधारण ११ मिमी, १४ म्हणजे ९, १६ म्हणजे साडेसात, १८ म्हणजे सहा-सव्वासहा, २० म्हणजे ५ आणि २२ म्हणजे ४ च्या आसपास. तुमच्या डबीतल्या फ्लाय एकदा घरी बसून पट्टीवर ठेवून मोजा आणि डबीच्या झाकणाला आतून चिकटपट्टी लावून लिहून ठेवा, अर्ध्या तासाचं काम आहे आणि वर्षानुवर्षं उपयोगी पडतं.

आता या आकड्यांकडे नीट बघा. एक नंबर खाली, म्हणजे १४ वरून १६ वर, गेलं की लांबी साधारण पाचव्या-सहाव्या हिश्शाने कमी होते, त्यात काय एवढं असं वाटतं. पण १४ वरून १८ वर गेलात तर लांबी एक तृतीयांशाने कमी झाली, आणि किडा काही नुसती रेघ नसते, त्याला जाडी असते, रुंदी असते, सगळंच त्या प्रमाणात घटतं. एकूण आकारमान धरलं तर १८ ची फ्लाय १४ च्या जेमतेम एक तृतीयांश भरते. म्हणजे पाण्यावर १८ चे किडे वाहत असताना तुम्ही १४ टाकलीत तर माशाच्या समोर नेहमीच्या किड्याच्या तिप्पट मोठं काहीतरी आलं. तो जवळ येतो कारण आकार ओळखीचा वाटतो, आणि फिरतो कारण जवळून ते फारच थोराड दिसतं. तुमच्या पाण्यात नेमकं हेच चाललंय असं मला वर्णनावरून वाटतं.

आणि ही चूक नेहमी एकाच बाजूला होते, मोठ्याच्या बाजूला. याला कारण आहे. आपण किडा बघतो तो उडताना. उडताना पंख फडफडत असतात, मावळतीचं ऊन त्यातून येत असतं, त्यामुळे किडा असतो त्याच्या दुप्पट दिसतो. कॅडिस नावाच्या पतंगासारख्या किड्याचं तर विचारूच नका, त्याचे पंख कौलारू छपरासारखे अंगावर मिटलेले आणि अंगापेक्षा बरेच लांब, त्यामुळे बसलेला कॅडिस बघून माणूस १२ काढतो आणि खालचं अंग मोजलं तर १६ निघतं. मी स्वतः सुरुवातीची कितीतरी वर्षं उडणाऱ्या किड्यावरून साइज ठरवत होतो आणि जवळजवळ दर वेळी एक-दोन नंबरनी मोठी लावत होतो. त्यानंतर एक नियम केला तो आजही पाळतो: किडा हातात आल्याशिवाय डबी उघडायची नाही.

किडा हातात आणायचा कसा? सगळ्यात सोपं, टोपीने झेलायचा. नाहीतर काठच्या झुडपांत कोळ्याची जाळी शोधा, पाण्यावर लोंबणाऱ्या फांद्यांत हमखास असतात, आदल्या संध्याकाळी काय उडत होतं त्याचा अख्खा हिशोब तिथे अडकलेला असतो. पाण्याखालचं बघायचं तर खळाळातला एक मुठीएवढा-दोन मुठींएवढा दगड हलक्या हाताने उचलायचा आणि उलटा करायचा. पाणी निथळलं की क्षणभर काहीच दिसत नाही, मग ओल्या दगडावरची एक तपकिरी रेघ सरकते, तिला सहा पाय असतात. तिला ओल्या बोटाने अलगद उचलून पांढऱ्या झाकणात थोड्या पाण्यात सोडा, झाकणाच्या तळाला मिमीच्या खुणा करून ठेवल्या असतील तर लगेच मोजता येतं. पाठीवर पंखांच्या जागी दोन पिशव्या दिसतील, त्या गडद, जवळजवळ काळ्या झाल्या असतील तर ती निम्फ आज-उद्याकडे वर येऊन पंख उघडणार. त्या गडद पिशवीवाल्या निम्फचं माप हे तुमचं आजचं माप. त्याच दगडावर तिच्या निम्म्या आकाराची पिल्लंही असतील, ती पुढच्या महिन्यांची, त्यांचं माप आज धरायचं नाही. बघून झालं की दगड होता तसाच परत ठेवा, कृपा करून, त्याच्या खाली घरं असतात.

मग फ्लाय आणि किडा शेजारी शेजारी तळहातावर ठेवा. नुसती नजरेने तुलना करू नका, खरंच शेजारी ठेवा. इथे भल्याभल्यांचे अंदाज चुकलेले मी बघितलेत.

एक संध्याकाळ सांगतो. लांबट संथ डोह, वरच्या बाजूला खडक, खडकाला लागून एक बारीक धार आणि त्या धारेत एक बरा ट्राउट दर पंधरा-वीस सेकंदांनी नाक वर काढत होता. हवेत मोठे तपकिरी मेफ्लाय (उभ्या पंखांचे पाणकिडे), चांगले १२ चे, सरळ दिसत होते, पाण्यावरही अधूनमधून एखादा उतरत होता. मी १२ लावली. दीड तास. दोनदा पॅटर्न बदलला, एकदा रंग. मासा नियमाने खात होता आणि माझ्या फ्लायखालून नियमाने निघून जात होता. शेवटी जाळी काढली, मासा उचलायच्या लँडिंग नेटवर चढवायची बारीक जाळी असते ती, आणि त्याच धारेत, पण माशापासून बरंच खाली, पाण्याच्या वरच्या थरात मिनिटभर धरून ठेवली. वर काढली तर मोठ्या मेफ्लायच्या दोन रिकाम्या साली, आणि बाकी सगळी जाळी हिरवट बारीक किड्यांनी भरलेली, अर्धे पंख बाहेर अर्धे सालीत, एकेक जेमतेम ५ मिमी. हवेत ते कुठेच दिसत नव्हते कारण मोठ्यांच्या गर्दीत डोळ्यांना मोठेच दिसतात. २० नंबरचा इमर्जर, म्हणजे सालीतून अर्धवट बाहेर आलेल्या किड्याची फ्लाय, लावला, तिसऱ्यांदा वाहत गेला तेव्हा माशाने घेतला, तसंच शांतपणे, नुसतं नाक.

हे फार वेळा होतं. मोठ्या किड्यांच्या हॅचआड (हॅच म्हणजे किडे एकदम पाण्यातून वर येऊन पंख उघडतात ती वेळ) लहान किड्यांची हॅच चालू असते आणि मासा लहानच खात असतो, कारण ते शेकड्यांनी वाहत येतात, उडून जात नाहीत आणि पकडायला कष्ट नाहीत. म्हणून हवेत काय आहे त्यापेक्षा पाण्यात काय आहे ते बघा. राइजवरूनही, म्हणजे मासा वर कसा येतो त्यावरूनही, कळतं. हळूच, नुसतं नाक किंवा एक वर्तुळ, म्हणजे बरेचदा लहान आणि सहज मिळणारं काहीतरी. जोरात सप्पकन पाणी उडवून म्हणजे उडून जाणारं काहीतरी, बहुधा कॅडिस किंवा मोठा मेफ्लाय.

आता हा साइजचा काटेकोरपणा कुठे लागतो आणि कुठे नाही ते बघू, कारण सगळीकडे मोजमाप करत बसलात तर मासेमारी राहून जाईल.

मासा पाण्याखालून वर बघतो तेव्हा त्याला बाहेरचं जग एका गोल खिडकीतून दिसतं. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो त्यामुळे ही खिडकी साधारण ९७ अंशांच्या कोनाची असते, तिच्या बाहेर त्याला पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा दिसतो. हिशोब केला तर खिडकीचा व्यास माशाच्या खोलीच्या सव्वादोन पट येतो. म्हणजे मासा ३० सेंमी खाली असेल तर वर ६८ सेंमीचं वर्तुळ. संथ डोहात पाणी सेकंदाला २० सेंमी सरकत असेल तर तुमची फ्लाय त्या वर्तुळात तीन सेकंदांहून जास्त असते, आणि जाणता मासा तर फ्लायबरोबर मागे मागे तरंगत जाऊन तो वेळ आणखी लांबवतो. तीन सेकंद म्हणजे त्याच्या दृष्टीने पुष्कळ वेळ. तेच खळाळात पाणी सेकंदाला एक मीटर धावत असेल तर अर्ध्या-पाऊण सेकंदात फ्लाय येऊन गेली, त्यात पृष्ठभाग फुटलेला, फेस, लाटा. तिथे तो मोजत नाही, घेतो किंवा सोडतो.

म्हणून खळाळात १४ ऐवजी १२ असली तरी चालतं, उलट थोडी मोठी, चांगली तरंगणारी, त्याला आणि तुम्हालाही दिसणारी असलेली बरी. संथ, नितळ, काचेसारख्या पाण्यात मात्र एक नंबरही अंगाशी येतो. तुम्ही संथ पाण्यात आहात, तेव्हा तुम्हाला मोजावंच लागेल.

पण थांबा, साइज बदलायच्या आधी एक गोष्ट तपासा, ड्रॅग. मासा येऊन फिरला याचं दुसरं मोठं कारण हेच असतं की लाइन कुठल्यातरी वेगळ्या धारेत अडकून फ्लायला ओढते आणि फ्लाय आजूबाजूच्या फेसापेक्षा किंचित वेगळ्या वेगाने जाते. तुम्हाला वीस फुटांवरून दिसणार नाही एवढं बारीक, त्याला दिसतं. फ्लायशेजारचा फेसाचा एखादा बुडबुडा धरून दोघांचा वेग जुळतोय का बघा. दोन पावलं वर किंवा खाली सरका, टिपेट, म्हणजे फ्लाय बांधलेला शेवटचा बारीक दोरा, हात-दीड हात लांब करा, मग परत टाका. ड्रॅग नाही याची खात्री झाली आणि तरी मासा फिरला तर साइज खाली. साइज एक-दोन पायऱ्या उतरूनही फिरला तर अवस्था बदला, म्हणजे पूर्ण उभ्या पंखांच्या किड्याऐवजी पृष्ठभागात अर्धवट अडकलेला इमर्जर. रंग सगळ्यात शेवटी. मी हाच क्रम धरतो. बरेच लोक उलटं करतात, आधी रंग, मग पॅटर्न, आणि साइज तीच, आणि संध्याकाळ निघून जाते.

आणि मासा अजिबात येतच नसेल, बघायलाही नाही, तर तो साइजचा प्रश्न नसतो. तेव्हा तो वेगळ्या खोलीवर खातोय किंवा तुम्ही त्याला दिसलात. जवळ येऊन फिरणं आणि न येणं यांतला फरक नीट लक्षात ठेवा.

हंगामाचं थोडंसं. ढोबळमानाने वसंताच्या सुरुवातीला मोठे मेफ्लाय, मग उन्हाळा चढत जाईल तसे बारीक होत जातात. ब्लू-विंग्ड ऑलिव्ह या छोट्या मेफ्लायमध्ये हे फार स्वच्छ दिसतं, वर्षातून एकाहून जास्त पिढ्या होतात, वसंतातली पिढी थंड पाण्यात महिनोन्‌महिने वाढलेली असते म्हणून १६-१८ भरते, आणि शरदातली पिढी कोमट पाण्यात लवकर पक्व झालेली म्हणून २०-२२. नाव एकच, पॅटर्न एकच, साइज वेगळी, आणि वसंतात चाललेली १६ शरदात त्याच डोहात चालत नाही म्हणून लोक वैतागतात. ट्रायको म्हणून अगदी चिमुकला मेफ्लाय असतो उन्हाळ्याच्या उत्तरार्धात, सकाळी सकाळी मरून पाण्यावर पडतो, तो २० ते २४. मिज, म्हणजे डासासारखे बारीक किडे, वर्षभर, १८ पासून २६ पर्यंत, हिवाळ्यात तर बऱ्याच ठिकाणी वर तेवढेच असतात. कॅडिस बहुतेक १४ ते १८. नाकतोडे उलट्या दिशेने जातात, उन्हाळ्याच्या सुरुवातीला पिल्लं १२-१४ ची, शेवटी पूर्ण वाढलेले ८-६ चे. आणि स्टोनफ्लाय, त्यातला उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या नद्यांवरचा सॅल्मनफ्लाय तर ४-६ चा राक्षस, तिथे लहान लावून उपयोग नाही.

धरणाखालच्या नद्या वेगळ्या वागतात. धरणाच्या तळातून पाणी सुटत असेल तर तापमान वर्षभर बऱ्यापैकी एकसारखं, पूर कमी, त्यामुळे मिज, स्कड (कोळंबीसारखे छोटे जीव), छोटे मेफ्लाय यांची चंगळ, आणि मासे दिवसभर बारीक बारीक खाऊन चांगले मोठे झालेले. अशा पाण्यात अर्ध्या मीटरचा ट्राउट २२ ची निम्फ घेतो. मोठा मासा म्हणून मोठी फ्लाय हे गणित तिथे सोडून द्या.

आता उलट बाजू, कारण लहान, अजून लहान एवढंच डोक्यात ठेवलंत तर तेही चुकेल. पाणी गढूळ असेल, पावसाने चढलं असेल, तर दोन नंबर वर जा, दिसलीच नाही तर काय खाणार. अंधार पडताना एक नंबर वर. आणि एक विचित्र परिस्थिती असते, हॅच इतकी दाट की पाण्यावर हजारो किडे, तुमची फ्लाय अगदी हुबेहूब आणि अगदी मापाची, आणि म्हणूनच ती गर्दीत हरवते. तिथे एक नंबर मोठी लावली की मासा ती वेचतो. मिजच्या बाबतीत याला फार छान उपाय आहे. मिज अनेकदा पाण्यावर गुच्छ करून तरंगतात, चार-पाच एकमेकांवर. ग्रिफिथ्स नॅट नावाची फ्लाय याच गुच्छासाठी, मोराच्या पिसाचं अंग आणि त्यावरून सगळीकडे हॅकल, म्हणजे गुंडाळलेलं कोंबड्याचं पीस, बस. जॉर्ज ग्रिफिथ यांच्या नावाची, १९५९ मध्ये मिशिगनमध्ये ट्राउट अनलिमिटेड ही संस्था सुरू करणाऱ्यांपैकी ते एक. २४ चे मिज वाहत असताना १८ ची ग्रिफिथ्स नॅट टाकली तर ती चुकीची साइज नाही, ती गुच्छाची बरोबर साइज आहे. हुकही मोठा, तुम्हालाही दिसते.

स्ट्रीमरबद्दल, म्हणजे छोट्या माशासारख्या दिसणाऱ्या फ्लायबद्दल, इथे फार बोलत नाही, ते किड्याचं माप नाही, माशाच्या पिल्लांचं माप आहे, २ पासून १० पर्यंत, आणि तिथे वेग आणि खोली जास्त महत्त्वाची.

निम्फमध्ये एक वेगळीच फसगत आहे. मासे तळाशी आहेत, फ्लाय खाली जात नाहीये, मग माणूस जड हवी म्हणून मोठी लावतो. १६ ची गरज असताना १० लावतो. फ्लाय तळाला गेली पण माप गेलं. वजन आणि साइज या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. १६ च हवी असेल तर टंगस्टन बीडची (डोक्याला धातूचा मणी असलेली) १६ घ्या, टंगस्टन पितळेच्या जवळपास दुप्पट जड असतं. नाहीतर फ्लायच्या वीतभर वर शिशाचा किंवा टिनचा छर्रा लावा. टिपेट बारीक केला तरी फ्लाय लवकर बुडते, पाणी त्याला कमी अडवतं. आणि अंग बारीक ठेवा, फुगीर केसाळ अंग तरंगत राहतं. फ्रँक सॉयर हे इंग्लंडमधल्या एव्हन नदीचे रिव्हरकीपर, त्यांनी फेझंट टेल निम्फ बांधली तेव्हा दोऱ्याऐवजी तांब्याची तारच वापरली, वजन अंगातच, आणि अंग तसंच सडपातळ. आजही १६-१८ ची फेझंट टेल माझ्या डबीत कायम असते. बीड घेताना माप जुळवा मात्र, १८ ला २ मिमी, १६ ला २.५, १४ ला ३ मिमीच्या आसपास, त्याहून मोठा बीड लावला तर नुसतं डोकंच दिसतं आणि साइज परत बिघडते.

दोन फ्लाय एकत्र लावून साइज शोधणं हा माझा आवडता मार्ग. वर १४ ची, दिसणारी, आणि तिच्या हुकच्या वळणाला ४०-५० सेंमी टिपेट बांधून मागे १८-२० ची. पुढची दिसते त्यामुळे मागची कुठे आहे ते कळतं, बारीक फ्लाय दिसत नाही ही तक्रार मिटते, आणि मासा कुठली घेतो त्यावरून साइजचं उत्तर तोच देतो. सलग तीन मासे मागच्या फ्लायवर आले की पुढची काढून टाका. फक्त तुमच्या पाण्यावर एका वेळी किती हुक लावायला परवानगी आहे तो नियम आधी बघून घ्या, काही ठिकाणी एकच चालतो.

टिपेटचं गणित साइजला बांधलेलं आहे म्हणून तेही सांगतो. फ्लायच्या नंबरला तीनाने भागा, जो आकडा येईल तेवढे एक्स (टिपेटच्या जाडीचं माप, एक्स जास्त तर टिपेट बारीक). १२ ला ४एक्स, १५-१६ ला ५एक्स, १८ ला ६एक्स. ५एक्स म्हणजे ०.००६ इंच, साधारण ०.१५ मिमी, आणि प्रत्येक एक्सला एक हजारांश इंच कमी-जास्त. जाड टिपेटवर २० ची फ्लाय काठीला बांधल्यासारखी ताठ वाहते, साइज बरोबर असूनही मासा फिरतो आणि आपण साइजला दोष देतो. उलट बारीक टिपेटवर १० ची केसाळ फ्लाय टाकली तर कास्ट करताना गरगर फिरून टिपेटला पीळ बसतो. मी स्वतः भागाकारापेक्षा एक पायरी जाड राहतो जिथे चालेल तिथे, कारण फार बारीक टिपेटवर मासा दमेपर्यंत खेळवावा लागतो आणि सोडून दिल्यावर तो जगेलच असं नाही. पाणी २० अंश सेल्सिअसच्या वर गेलं असेल तर खेळवूच नका, त्या दिवशी काठावर बसून किडे मोजा, तेही काम आहे.

बारीक हुक मासा धरून ठेवतो का अशी शंका सगळ्यांना येते. ठेवतो, छान ठेवतो, टोकाजवळचा उलटा काटा दाबून टाकलेला असला तरी. फक्त जोरात हिसका द्यायचा नाही, रॉड नुसती वर उचलायची, लाइन ताठ झाली की झालं. २० चा हुक ओठाच्या कोपऱ्यात बारीक टोचतो आणि घट्ट बसतो, सैल सोडला तरच निघतो.

तुमच्या डबीबद्दल. तुम्ही लिहिलंय की तुमच्याकडे वीसेक पॅटर्न आहेत, प्रत्येकाची एक किंवा दोन साइज. हे मी उलटं करीन. पाच-सहा पॅटर्न आणि प्रत्येकाच्या दोन-तीन साइज. पॅराशूट अॅडम्स १४, १६, १८, मूळ अॅडम्स १९२२ ची, मिशिगनच्या लेन हॅलडे यांची, हिची खुबी अशी की ती कुठल्याच एका किड्याची नक्कल नाही आणि साइज बदलली की निम्म्या मेफ्लायना पुरते. एल्क हेअर कॅडिस १४, १६, १८. फेझंट टेल १४, १६, १८. एखादा साधा ऑलिव्ह इमर्जर १६, १८, २०. आणि ग्रिफिथ्स नॅट १८, २०, सोबत एक काळी बारीक मिज २०-२२. प्रत्येक साइजच्या तीन-तीन, कारण चालणारी साइज सापडली आणि तीच झाडाला गेली तर फार वाईट वाटतं. नाकतोडे, मुंग्या, स्ट्रीमर नंतर हळूहळू भरा.

२४-२६ आत्ता घेऊ नका. त्या साइजला फ्लाय बांधणं, टिपेट ओवणं, दिसणं सगळंच अवघड, आणि बहुतेक वेळा २२ च्याच आखूड दांडीच्या हुकवर बांधलेली फ्लाय तेच काम करते. २२ टाकूनही मासा फिरायला लागला, जाळीत किडे ३ मिमीचे निघाले आणि ड्रॅग नाही याची खात्री असेल, तर तेव्हा घ्या.

तोवर उद्या संध्याकाळी त्याच डोहावर जा, पहिली पंधरा मिनिटं रॉड काठावर ठेवून जाळी पाण्यात धरा, आणि त्यात किती मिमीचे निघाले ते मला लिहा. मग पुढचं बोलू.